राणी म्हणजे भोवरा, माऊ म्हणजे पट्टे

१२ जानेवारी

बारके,

कोणी आजारी नाही आणि कोणी गेलेलंही नाही. माझं अक्षर पाकिटावर बघून छातीत धस्स झालं असेल तर आता श्वास सोड. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. अगं, फोनवर बोलायचं कुठे? डोळे गेल्यापासून आईचे कान असे तयार झालेत की मी गच्चीवर कुजबुजले तरी तिला खाली ऐकू येतं. पत्र मात्र तिच्या समोरच, जेवणाच्या टेबलावर बसून लिहितेय. ती पलीकडे म्हाताऱ्या पर्शियन बोक्याला विंचरतेय. "काय लिहितेस?" म्हणाली. "मांजरांच्या क्लबचं काम," म्हटलं. संपला विषय.

तू घर सोडून गेलीस त्यानंतर इथे फार काही बदललं नाही. पुढचं दार अजून दुहेरी आहे. बाहेरचं उघडायचं, आत यायचं, ते लावायचं, मग आतलं उघडायचं. मांजर निसटू नये म्हणून. मी भाजी आणायला निघते तरी त्या दोन दारांच्या मधल्या बोळकांडीत उभी राहून किल्ल्या चाचपते. सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत. सयामी मांजरांच्या खोलीची खिडकी तर उघडायचीच नाही. तुला आठवत असेल, गारवा लागला की सयामीच्या अंगावरचा पांढरा रंग मळतो, काळपट होत जातो. म्हणून ती खोली बारा महिने उबदार. त्याच खोलीत माझा पलंग आहे, कारण रात्री हीटर बंद पडला तर कळायला कोणीतरी हवं. कोणीतरी म्हणजे मी, हे वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्याचं. मला क्लबने मांजरांच्या शोसाठी शिकाऊ जज म्हणून निवडलंय. वाचलंस ना? मला! परीक्षा मी आईला न सांगता दिली होती. पण क्लबचा नियम असा की शिकाऊ माणसाने नात्यातल्या जजच्या हाताखाली शिकायचं नाही. दुसऱ्या गावी, दुसऱ्या जजकडे राहायचं. मेच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचंय. वयाची अट बघता पुढच्या वर्षी मला कोणी दारात उभं करणार नाही. ही एकच वेळ आहे.

आणि आईचं काय, हा प्रश्न तुझ्या मनात आलाच असेल. तुला खरं सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. आई अजून जज आहे. डोळ्यांनी दिसत नसताना. कसं काय ते ऐक आणि खुर्चीत नीट बस.

मांजराची ठेवण ती हातांनी बघते. त्यात तिला तोड नाही. डोळे मिटून सांगेल, हे ठेंगणं गोलमटोल, हे लांबट सडसडीत, हे अधलंमधलं. पण अंगावरची नक्षी हाताला लागत नाही. ती मी सांगते. मी तिची मदतनीस ना, पिंजऱ्यातून मांजर काढून टेबलावर मीच ठेवते. ठेवताना मांजराला लाडाने काहीतरी म्हणते. "ये बाळा" म्हटलं तर एकरंगी. "माऊ" म्हणजे सरळ पट्टे, पाठीवरून बरगड्यांसारखे खाली उतरणारे. "राणी" म्हणजे भोवरा, कुशीवर गोल फिरून मधे ठिपका असलेला. "सोन्या" म्हणजे ठिपके. लोक म्हणतात, जजबाईंची मुलगी फार प्रेमळ, केवढ्या थोरल्या बोक्यालासुद्धा राणी म्हणते! हसू नकोस. मला आता कुठल्याही मांजराशी नुसतं बोलता येत नाही.

ऑपरेशन होईपर्यंतच, असं ठरलं होतं. ऑपरेशन झालं. डोळ्याची पट्टी सोडायच्या दिवशी मी तापाने फणफणले होते, आई एकटीच टॅक्सीने जाऊन आली आणि दारातच म्हणाली, "काही उपयोग नाही झाला गं." मी इतकी रडले की ताप वाढला. तेव्हापासून हे असं चाललंय.

तू एकदा येशील का? महिनाभर ये. आईची काहीतरी व्यवस्था लागेपर्यंत. तिने तुला काय काय ऐकवलं, "मांजरं नको असतील तर आईही नको समज," हे सगळं मला माहीत आहे. पण त्याला आता किती वर्षं झाली!

तुझी ताई

२ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठीच ती. ऍलर्जी आहे, घराचं रंगकाम निघालंय, नवऱ्याला सुट्टी नाही, आणि आईला तुझं तोंड बघायचं नाही. अगं, बघायला डोळे कुठे आहेत तिला? एवढी एक अडचण तरी आपोआप सुटली म्हण की!

ऍलर्जीचंही राहू दे. लहानपणी मांजरीच्या पिल्लांना पांघरुणात घेऊन झोपायचीस ती कोण होती? बारावीनंतर बरोबर पिंजरे धुवायची पाळी आली आणि तुला शिंका सुरू झाल्या. मी तेव्हाच ओळखलं होतं, पण म्हटलं जाऊ दे, एकीची तरी सुटका होऊ दे.

आईला मी सांगितलं. चहा करताना सांगितलं, तिची पाठ माझ्याकडे होती. ती म्हणाली, "जा की. मी कुठे धरून ठेवलंय तुला?" इतकं सरळ बोलली की मी वेडी खूश झाले. कपाटावरची बॅगही खाली काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती किटलीला धडकली आणि उकळतं पाणी पायावर घेतलं. फार भाजलं नाही, पण आठवडाभर तिचा पाय माझ्या मांडीवर. मलम लावून घेताना म्हणते, "तू गेल्यावर सवय होईल मला हळूहळू." बॅगेत आता एक मांजर बसते. काढायला गेले तर फिस्कारते.

मी म्हटलं, दिवसभराची बाई ठेवू. "परकी माणसं दार नीट लावत नाहीत, मांजर जाईल." म्हटलं, मांजरं कमी करू, क्लबमधल्या लोकांना देऊ. "दे. आणि मलाही देऊन टाक कोणाला तरी." म्हटलं, जजचं काम सोड आता, पुरे झालं. यावर ती नुसती गप्प बसली. तुला तिचं गप्प बसणं माहीत आहे. भांडी आदळणं परवडलं.

शेवटी म्हणाली, "मार्चचा मोठा शो तेवढा होऊ दे. मग मी स्वतःहून सोडते." मागच्या वर्षीही एक शो असाच शेवटचा होता.

तुझी ताई

२४ फेब्रुवारी

बारके,

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहिणार. मला दुसरं आहे कोण.

काल एक तरुण जोडपं पिल्लू दाखवायला आलं होतं. राखाडी, जाडजूड केसांचं, ते म्हणे पर्शियन. आईने मांडीवर घेतलं. कपाळावरून अंगठा फिरवला, नाकाशी थांबली, मग शेपटीच्या टोकापर्यंत दोन बोटं नेली. "याची आई पर्शियन असेल," म्हणाली, "वडील नव्हेत. नाक लांब आहे आणि पाय उंच होणार. पण हाड मजबूत आहे. छान बोका होईल, शोमध्ये नेऊ नका, घरात लोळू द्या." त्या मुलीने पिल्लाला असं छातीशी धरलं! विकणाऱ्याने फसवलं होतं तरी तिला राग आला नाही, आईने सांगितलंच तसं. मी दारात उभी राहून बघत होते. बारके, मला आपल्या आईचा अभिमान वाटतो गं. तिचे हात बघितले की वाटतं, मी कोण हिला सोडून जाणारी.

आणि ते गेल्यावर लगेच, "पिल्लू कसलं होतं गं, एकरंगी की धुरकट?" धुरकट म्हणजे वरून एकसारखं गडद आणि फुंकर मारून केस बाजूला केले की मुळाशी पांढरं. मी सांगितलं, एकरंगी. "फुंकर मारून बघितलंस?" नव्हतं बघितलं. मग त्यावरून अर्धा तास. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, मान खाली घालून बोलणी खात होते. अभिमान गेला खड्ड्यात.

ज्यांच्याकडे मला शिकायला जायचंय त्या बाईंचं पत्र आलं. सोनेरी चष्मेवाल्या, तुला आठवतील, मेन कून जातीच्या भल्यामोठ्या मांजराला कडेवर घेऊन फोटो काढणाऱ्या. लिहितात, तुमची खोली वरच्या मजल्यावर आहे, आणि आमच्याकडे रात्री मांजरं खाली झोपतात. ते वाक्य मी तीन-चार वेळा वाचलं. एकटीची खोली. मला तर झोपच लागणार नाही तिथे, कोणी तोंडावर शेपूट फिरवल्याशिवाय!

मार्चचा शो जवळ आला. मी काहीतरी ठरवलंय. आत्ता नाही सांगत. तू नाही म्हणशील आणि तुझं ऐकायची माझी जुनी खोड आहे.

ताई

११ मार्च

बारके,

शो झाला. आई आता जज नाही.

चूक माझ्याकडून झाली. सकाळपासून मांजरं काढून काढून कंबर गेली होती, हॉलमध्ये गोंगाट, डोकं चालेना. एका शिक्षिकेचं मांजर होतं, तपकिरी, दोन्ही कुशींवर हे भलेमोठे भोवरे. मी त्याला टेबलावर ठेवलं आणि माझ्या तोंडून "ये माऊ" निघून गेलं. माऊ म्हणजे पट्टे. लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता.

आईने नेहमीसारखं डोकं चाचपलं, पाठ चाचपली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पट्टे सुबक आहेत. पाठीपासून पोटापर्यंत सरळ, कुठे तुटलेले नाहीत."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. ती शिक्षिका बिचारी आधी मांजराकडे बघायला लागली, मग आईकडे. म्हणाली, "मॅडम, पट्टे नाहीत हो. भोवरा आहे."

मला वाटलं आई सावरून घेईल. जीभ घसरली म्हणेल, दिव्याचा उजेड वाईट आहे म्हणेल, एवढी वर्षं या लोकांना गुंडाळून ठेवलेली बाई ती. तिने मान वर केली, चेहरा माझ्या दिशेने वळवला आणि म्हणाली, "मला तर पट्टेच दिसतात."

क्लबच्या सेक्रेटरींनी तिला हात धरून मागच्या खोलीत नेलं. फार चांगले वागले ते. पाणी दिलं. ओळखपत्र त्यांनी मागितलं नाही, आईनेच गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. माझ्यावर कोणाचा संशय नाही. उलट चष्मेवाल्या बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही किती सोसलंत."

गाडीत आई एवढंच म्हणाली, "होतं असं. दमली होतीस तू."

ताई

१३ मार्च

बारके,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि तेव्हापासून घशाखाली घास उतरत नाही.

दमले नव्हते मी. मी मुद्दाम माऊ म्हटलं. ते मांजर पिंजऱ्यात बघितलं तेव्हाच ठरवलं, हेच. इतका ठळक भोवरा की शेवटच्या रांगेतल्यालाही दिसावा. मला वाटलं, एकदा सगळ्यांसमोर कळलं की हा शब्दांचा खेळ बंद होईल, ती घरी बसेल, मी तिची सोय लावीन आणि जाईन. कागदावर किती सोपं दिसतं बघ.

तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी चोर आहे आणि माझी आई मला दमलेली म्हणते. हे मला सहन होत नाही. तुला सांगितलं म्हणून थोडं हलकं वाटेल असं वाटलं होतं, तेही वाटत नाहीये. तू तरी मला शिव्या घाल.

ताई

४ एप्रिल

बारके,

शिव्या घातल्या नाहीस, उपदेश केलास. "आता तर तुला तिला सोडून जाताच येणार नाही, ताई. तिचं नाव गेलं, निदान मुलगी तरी राहू दे." हे तुझं वाक्य मी फ्रीजवर चिकटवून ठेवावं म्हणते. दूर बसून माणसाला किती चांगलं सुचतं!

पण तुझं खरं आहे, हीच तर पंचाईत आहे.

मला वाटलं होतं शो संपले की माझा निम्मा वेळ सुटेल. उलट झालं. आधी निदान दोन आठवड्यांतून एकदा बाहेरगावी जाणं होतं, हॉलमध्ये चार माणसं भेटत होती. आता आई दिवसभर खुर्चीत, आणि मी तिच्या आवाजाच्या टप्प्यात. "कुठे आहेस?" सयामींच्या खोलीत. "कुठे आहेस?" इथेच आहे, आई. "काय करतेस?" श्वास घेतेय! असं म्हटलं एकदा, तर दिवसभर जेवली नाही. तिच्याकडे कोणी येत नाही. ज्यांना तिने ढाली-कप दिले त्यांपैकी एकाचा फोन नाही. काल मला म्हणाली, "आता मला तूच, बाकी कोणी नाही." आणि माझा हात धरून बसली. हात सोडवून घ्यायला मला गॅसवर काहीतरी करपल्याचं खोटं सांगावं लागलं.

दुपारी त्या दोन दारांच्या मधे मी उगाच उभी राहिले. आतलं लावलेलं, बाहेरचं लावलेलं. कोणाचाही आवाज नाही. बराच वेळ उभी होते. मग आतून हाक आली.

क्लबला नकाराचं पत्र लिहून ठेवलंय. टेबलावर आहे. उद्या-परवा टाकेन. आईला सांगितलं की तिला बरं वाटेल.

तुझी ताई

९ एप्रिल

बारके,

आईला दिसतं.

तुला ही बातमी नवीन नाही हे मला आता कळलंय. तरी कसं कळलं ते ऐकावंच लागेल तुला. हे पत्र मी बाथरूममध्ये स्टुलावर बसून लिहितेय, आतून कडी लावून.

सकाळी मी म्हाताऱ्या बोक्याच्या केसांतल्या गाठी सोडवत होते. आईला सांगून टाकलं, मी नाही जात, क्लबला कळवतेय. तिचा चेहरा असा खुलला! खूप दिवसांनी चहाबरोबर बिस्किट मागितलं. पाय वर घेऊन ऐसपैस बसली, गप्पांना लागली. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाली, "आणि ते शाळेतल्या बाईच्या मांजराचं तू फार मनाला लावून घेऊ नकोस. ते तसंही पहिलं आलं नसतं. उजव्या कुशीवरचा भोवरा पुरा बंद झालाय आणि डावीकडचा तोंडाशी उघडा राहिलाय. दोन्ही बाजू जुळायला नकोत?"

मी कंगवा खाली ठेवला.

"तुला कोणी सांगितलं?"

"काय?"

"डाव्या कुशीचं."

तिने बिस्किट बशीत ठेवलं. "हाताला लागतं ना गं."

"नक्षी हाताला लागत नाही, आई. हे तूच मला शिकवलंस, मी शाळेत होते तेव्हा."

मग मी काय केलं माहीत आहे? उठले, टेबलावरचं क्लबला लिहिलेलं ते नकाराचं पत्र उचललं आणि तिच्या तोंडासमोर धरलं. "वाच," म्हटलं. मला अजून वाटत होतं ती म्हणेल, वेडी झालीस का. तिने पत्र हातात घेतलं, जरा लांब धरलं आणि वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत. मग घडी घालून परत दिलं आणि म्हणाली, "अक्षर बिघडलंय तुझं."

मी हसले गं. मला हसूच फुटलं, आणि थांबेना, आणि मग मी खाली बसले.

म्हणजे त्या दिवशी हॉलमध्ये तिला भोवरा दिसत होता. मी माऊ म्हटलं तेव्हाच तिला कळलं की मी खोटं बोलतेय, आणि का बोलतेय तेही. दोनशे माणसांसमोर तिला फक्त "भोवरा" एवढा एक शब्द म्हणायचा होता. पण तो म्हटला असता तर मला कळलं असतं की हिला दिसतं, आणि मी मोकळी झाले असते. म्हणून तिने पट्टे म्हटलं. सगळ्या आयुष्याचं नाव एका वाक्यात घालवलं, मला घरात ठेवायला. एवढं माझ्यासाठी कधी कोणी काही केलं नाही, आणि एवढं वाईटही कधी कोणी वागलं नाही. मला दोन्ही एकदम वाटतंय. तिच्या गळ्यात पडावंसं वाटतं आणि तिचा गळा धरावासा वाटतो.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"पट्टी सोडली तेव्हापासून."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगणारच होते. पण बारकी म्हणाली, थांब जरा. ताईला कळलं तर ती निघून जाईल, मग तुझं कोण बघणार, म्हणाली. तिला स्वतःला तिथून येता येणार नाही, असंही म्हणाली."

मी म्हटलं, बारकी? कुठली बारकी? आपली? तुमचं बोलणं कुठे आहे?

दर रविवारी. मी मांजरांना दवाखान्यात नेते तेव्हा. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या वर्षापासून! मला कोणी सांगितलं नाही, कारण आईच्या तोंडून तुझं नाव निघालं की मी चिडते, असं तुम्हा दोघींचं ठरलं होतं म्हणे. मी चिडायचे तिच्यावर, तुझ्या बाजूने! तिने तुला घालवलं म्हणून मी तिच्याशी भांडायचे आणि तुम्ही रविवारी भाजीचे भाव बोलत होतात.

आणि सगळ्यांत वाईट काय ते सांगू? दवाखान्यात पट्टी सुटली, तिला समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं, आणि तिने तिथल्या फोनवरून पहिला फोन तुला केला. मी घरी तापात. मी तिला विचारलं, "आधी तिला का सांगितलंस? मला का नाही?" ती खरोखर गोंधळली. तिला प्रश्नच कळेना. म्हणाली, "अगं, तुला काय सांगायचं वेगळं? तू तर घरातच होतीस."

दारावर टकटक चाललीय. "बरी आहेस ना?" विचारतेय. तिला चहा हवाय. करू दे तिचा तिला, डबे तिला दिसतात.

२८ एप्रिल

बारके,

तुझी दोन पत्रं आली. "ताई, मला सगळं समजावून सांगू दे." नको. तू भित्री होतीस हे मला समजलंय, आणि त्यात मला तुझा राग येतो आणि कीवही येते. तू माझ्या जागी आली असतीस तर तूही गुदमरली असतीस, म्हणून तू आली नाहीस. मला फक्त हे कळत नाही की मी गुदमरतेय हे मी तुला इतक्या पत्रांतून सांगितलं, आणि तू ती वाचून घडी घालून ठेवलीस.

नकाराचं पत्र मी फाडलं. चष्मेवाल्या बाईंना फोन केला, आईसमोर, मोठ्याने. तरुण मांजरं क्लबमधल्या चांगल्या घरी दिली. सयामींना निरोप देताना आई रडली, मीही रडले, ते काही नाटक नव्हतं. घर भाड्याचंच, तेही सोडतोय; घरमालकाला किल्ल्या परत करायच्या आहेत.

आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी आली, माझ्या बॅगेशेजारी तिची बॅग ठेवली. मला वाटलं आता ही माझ्याबरोबर निघाली! मी म्हटलं, "आई, नाही." ती म्हणाली, "तुझ्याकडे कोण येतंय? मी बारकीकडे जाते. तिने कधी ये म्हटलं नाही, ते माझ्या लक्षात आलंय. पण तुला माझ्याकडून थांबवून घ्यायला तिला बरोबर जमलं. आता बघू तिला काय काय जमतं." बारके, मला अनेक महिन्यांनी आई आवडली.

तिचा पाय पूर्ण बरा आहे. सकाळचा चहा तिला सहाच्या आत लागतो. ती विचारेल, कुठे आहेस. सुरुवातीला उत्तर द्यावंसं वाटेल, देत जा, पण दरवेळी नाही. तिच्याकडे माणसं पाठव. कोणाच्या घरी पिल्लू असेल तर आणायला सांग, तिचे हात रिकामे राहिले की ती माणसांवर लक्ष ठेवते. म्हाताऱ्या पर्शियनला कोणी घेतलं नाही, तो तिच्याबरोबर पिंजऱ्यात आहे. त्याला रोज विंचरावं लागतं. शिंका आल्या तर तोंडावर रुमाल बांध.

तिला गाडीत बसवून मी माझ्या गाडीकडे जाणार आहे. एकीची नऊला सुटते, दुसरीची साडेनऊला. मधला अर्धा तास मी एकटी असेन.

हे पत्र पोस्टाने येणार नाही. तू दार उघडशील तेव्हा आईच्या हातात असेल. पाकीट मी चिकटवलेलं नाही, त्यामुळे वाटेत तिने वाचलेलं असणार. तू वाचायला बसू नकोस, तिला समोर बसव आणि तिच्याकडूनच मोठ्याने वाचून घे. तिला सगळं स्वच्छ दिसतं.

ताई